प्रिंट कुणी काढली, केव्हा काढली?

मंडळी, मंठ्यात अतिवास्तववादी छायाचित्रांच्या संग्रहावर बोलायचं, म्हणजे जरा लांबचाच विषय. म्हणून घरापासून सुरुवात करू. वारलेल्या आजोबांचा चेहरा नातवाच्या लग्नाच्या फोटोत बसवून देणारे स्टुडिओवाले आपण पाहिलेत. जे घडलंच नाही, ते कागदावर खरं वाटतं. पॅरिसच्या मंडळींनीही हेच केलं. आपल्याकडे ते समाधानासाठी, तिकडे धक्का देण्यासाठी.

त्यांच्यातला मोठा छायाचित्रकार मॅन रे. १९२४ साली त्यानं एका स्त्रीच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनची दोन छिद्रं दाखवली आणि पाठीचं वाद्य झालं. याच मॅन रेनं १९३० च्या आसपास एका मराठी जोडप्याचे फोटो काढले : इंदूरचे यशवंतराव होळकर आणि संयोगितादेवी. दरबारी थाट नाही. एकमेकांना बिलगून हसणारं तरुण जोडपं. मॅन रेचे म्हणून त्यांनाही अतिवास्तववादी म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ही प्रेमळ, सरळ व्यक्तिचित्रं आहेत, आणि तीच त्यांची ताकद आहे.

यशवंतरावांना नजर होती. मुथेसियसकडून त्यांनी माणिकबाग उभारून घेतली, ब्रांकुशीची शिल्पं विकत घेतली. पण पुढं काय झालं? १९८० साली माणिकबागेतलं फर्निचर मोनाकोत लिलावात निघालं. २०१९ साली हे वैभव एकत्र बघायला पॅरिसचं संग्रहालय गाठावं लागलं. माझा आक्षेप इथं आहे. नुसती खरेदी म्हणजे संग्रह नव्हे. पुढच्या माणसाला बघायला मिळेल अशी सोय केली, तरच तो संग्रह.

आता प्रिंटकडे या. एका निगेटिव्हवरून शंभर प्रिंट निघतात, पण सगळ्यांचं मोल सारखं नसतं. त्या पाठीच्या चित्राची एक जुनी, मूळ प्रिंट २०२२ साली न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरला गेली. तेच चित्र पोस्टरवर किरकोळ पैशांत मिळतं. इतका पैसा आला की लबाडीही येते. १९९० च्या दशकात मॅन रेच्या नावानं बनावट प्रिंट विकल्या गेल्या. पकडलं कुणी? कागदानं! नंतरच्या काळातल्या फोटोच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालू लागले; अतिनील दिव्याखाली तो निळसर चमकतो. १९२० च्या दशकातला कागद तसा चमकायला नको. म्हणून ‘फाइन आर्ट प्रिंट’ घेताना आधी विचारा : कुणी काढली, केव्हा, कुठल्या कागदावर, एकूण किती काढल्या?

आणि विकत घ्यायची ऐपत नसली तरी बिघडत नाही. तालुक्यातल्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह भंगारात जाण्याआधी मागून घ्या. कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर नाव, गाव, साल लिहा. होळकरांच्या ऐश्वर्याला जे जमलं नाही, ते एका पेन्सिलीनं जमू शकतं.