'फकिरा' आणि संशोधकाचा प्रश्न

जोन सीबर आणि बार्बरा स्टॅनली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली सामाजिकदृष्ट्या संवेदनशील संशोधनाच्या नीतीची मांडणी केली. ज्या संशोधनाचे परिणाम त्यात सहभागी होणाऱ्या व्यक्तींवर, किंवा त्या ज्या समूहाच्या प्रतिनिधी मानल्या जातात त्या समूहावर होऊ शकतात, ते संशोधन त्यांनी संवेदनशील मानले. प्रश्नाची मांडणी, प्रत्यक्ष अभ्यास व सहभागींना मिळणारी वागणूक, संस्थात्मक संदर्भ आणि निष्कर्षांचे अर्थनिर्णयन व उपयोजन, अशा चार ठिकाणी नैतिक पेच संभवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही चर्चा केवळ मानसशास्त्राच्या अंतर्गत व्यवहाराची आहे असे मानून साहित्यसमीक्षेने तिच्यापासून दूर राहण्याचे कारण नाही. या चारांपैकी पहिले ठिकाण, म्हणजे प्रश्नाची मांडणी, किती निर्णायक असते याचा प्रत्यय अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीच्या वाचनातून येतो.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाटेगाव येथे झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या परिसरातील मातंग, रामोशी, कैकाडी या समाजांकडे पाहण्याची शासकीय दृष्टी तत्पूर्वीच घडलेली होती. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत विस्तारली. १९०८ मध्ये मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'विषयी एक ग्रंथ सिद्ध केला. एकेका जमातीची वस्ती, पेहराव, बोली, गुन्ह्याची पद्धत, चोरीचा माल लपविण्याच्या जागा असा तपशील त्यात आहे. वर्गीकरण, निरीक्षण, नोंद या शास्त्रीय अभ्यासाच्या साऱ्या खुणा या ग्रंथावर दिसतात. येथील कल्पना लोम्ब्रोसोच्या 'जन्मजात गुन्हेगारा'हून वेगळी आहे, हे मात्र लक्षात घ्यावयास हवे. शरीररचनेपेक्षा जातिव्यवसायाच्या परंपरेचा आधार तिला अधिक आहे. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे हे तर्कशास्त्र. 'हे लोक गुन्हा कसा करतात?' असा प्रश्न एकदा ठरला, की 'हे लोक गुन्हेगार आहेत का?' हा प्रश्न विचारलाच जात नाही. उत्तराची सदोषता येथे प्रश्नाच्याच पोटी जन्म घेते.

'फकिरा'चे महत्त्व असे, की ती हा प्रश्नच उलटा फिरवते. कादंबरीतील मातंगांवर हजेरी लादली जाते. ठरावीक वेळी उपस्थित राहून आपण गावातच आहोत हे सिद्ध करण्याची सक्ती म्हणजे हजेरी. हजेरी ही एका अर्थाने ज्ञानाचीच क्रिया आहे. तिच्यातून माणसाची नोंद होते. परंतु ज्याची नोंद होते त्याला तीत बोलण्याची मुभा नसते. अण्णा भाऊ वाचकाला नोंदवहीच्या पलीकडच्या बाजूस नेऊन उभे करतात. दुष्काळ, उपासमार, गावगाड्यातील वैर आणि परकीय सत्तेचा अहंकार या क्रमाने कृती घडत जाते, आणि जिला अहवालात दरोडा म्हटले जाईल ती घटना येथे भुकेल्या वस्तीला जगविण्याचा प्रयत्न म्हणून उभी राहते. आपल्या माणसांना सत्तेने कोंडल्यावर फकिरा स्वतःला हवाली करतो. एकाची कृती आणि साऱ्या जमातीला शिक्षा, हा सामूहिक संशयाचा न्याय या शेवटातून उघडा पडतो.

तथापि कादंबरीची मर्यादाही याच ठिकाणी नोंदविली पाहिजे. रानोजीचे शौर्य फकिरात उतरते. बापाच्या रक्ताचा वारसा मुलगा चालवितो. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या समाजाला जन्माने शूर ठरविणे हा प्रतिवाद आवेशपूर्ण असला, तरी गुण वंशपरंपरेने येतात हे गृहीतक तो शाबूत ठेवतो. भूक आणि हजेरी यांना कारण मानणारी कादंबरी आणि रक्ताला कारण मानणारी कादंबरी, अशा दोन कादंबऱ्या 'फकिरा'त एकमेकींशी झगडत असतात. कलंकित समूहाच्या बाजूने केलेले लेखनही कलंकाचीच परिभाषा कसे उचलते, हे या झगड्यातून दिसते.

पुढे सातारा जिल्ह्यातीलच लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाने कैकाडी जीवनाचे वर्णन नोंदकर्त्याकडून काढून अनुभवणाऱ्याच्या हाती दिले. परंतु आत्मकथनकारही एकटा नसतो. आईबाप, भावंडे, जातपंचायत यांच्या जगण्याविषयी तो बोलतो आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. समूहाच्या आतून येणारा आवाज आपोआप नीतिशुद्ध ठरत नाही. मात्र आपल्या शब्दांचे परिणाम त्याला स्वतःलाही भोगावे लागतात, हा त्याचा आणि बाहेरच्या अभ्यासकाचा मूलभूत भेद होय.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण 'फकिरा' प्रसिद्ध झाली त्याच १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, आणि विमुक्त जमातींवरील संशयाचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मधील तुरुंग नियमावलींविषयीच्या निकालातही करावा लागला. एड्सच्या साथीत वेश्याव्यवसायातील स्त्रिया 'अतिजोखमीचा गट' म्हणून अभ्यासाचा विषय झाल्या. ही संज्ञा रोगप्रसाराच्या शास्त्रातली असली, तरी वस्तीत पोहोचेपर्यंत तिचा अर्थ 'रोग पसरविणाऱ्या बायका' असा होतो. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेच्या कार्यातून आणि १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतून या स्त्रियांनी निरोधवाटपापासून स्वतःच्या हक्कांच्या मागणीपर्यंतचे काम आपल्या हाती घेतले. 'यांच्यापासून समाजाला धोका किती?' या प्रश्नाच्या जागी 'यांना धोका कोणापासून?' हा प्रश्न त्यांनी उभा केला. 'फकिरा'ने कल्पितात केलेली उलथापालथ येथे व्यवहारात झाली.

यावरून असे संशोधन थांबवावे, असा निष्कर्ष निघत नाही. संवेदनशील विषय टाळणे हेही जबाबदारीपासून पळणेच होय, असा इशारा सीबर व स्टॅनली यांनी दिला होता. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही तयार झाली. परंतु संमतिपत्रावर सही करते ती व्यक्ती. निष्कर्ष चिकटतो तो समूहाला. ज्यांनी सही केली नाही, ज्यांना विचारलेही गेले नाही, त्यांचे उत्तरदायित्व कोणावर, याचे उत्तर संमतिपत्रात सापडत नाही. ते शोधावयाचे तर अभ्यासाचा प्रश्न ठरविण्याच्या बैठकीतच त्या समूहाला स्थान असावे लागते. त्या ठिकाणी स्थान नाकारले गेले, तर पुढची सारी काळजीपूर्वक नोंद हजेरीच्या वहीहून वेगळी राहत नाही.