दत्त, क्रीत, स्वयंदत्त : परदेशी दत्तकाच्या कथनांतील वळण

परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्या पालकांचे आत्मपर गद्य हा अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून स्थिरावलेला लेखनप्रकार आहे. त्याची संरचना बहुधा ठरलेली असते : अपत्याची ओढ, कागदपत्रे, प्रदीर्घ प्रतीक्षा, मुलाचे पहिले छायाचित्र, विमानप्रवास आणि मुलासह घरी परतणे. ‘प्रवास’ हे या प्रकाराचे पायाभूत रूपक होय. परंतु कुटुंबाला मध्येच एका देशाचा नाद सोडून दुसऱ्या देशाकडे वळावे लागते, तेथे हे रूपक अडखळते. आणि नेमक्या त्याच जागी या लेखनप्रकारात दडलेली विचारप्रणाली वाचता येते.

असे वळण अपवादात्मक नाही. चीनने मे २००७ पासून परदेशी पालकांसाठीचे निकष कडक केले. पुढे तेथील प्रतीक्षा महिन्यांवरून वर्षांवर गेली आणि अनेक कुटुंबे इथिओपियाकडे किंवा चीनमधीलच विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या यादीकडे वळली. ग्वाटेमालाने २००८ च्या आरंभी नवी प्रकरणे थांबवली. रशियाने १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकी नागरिकांना मुले देणे बंद केले, इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदी घातली आणि २०२४ मध्ये चीननेही, जवळच्या नात्यातील दत्तकाचा अपवाद वगळता, हे दार लावून घेतले. २००४ साली जवळजवळ २३,००० मुले या मार्गाने अमेरिकेत आली होती. २०२३ साली ही संख्या १,३०० च्याही खाली होती. तात्पर्य, वळण घडवणारी कारणे कायद्याची, राजकारणाची आणि पैशाची आहेत.

कथनात मात्र ही कारणे विरघळून जातात. त्यांची जागा नियती घेते. चीनमधून मूल आणणाऱ्या कुटुंबांत रूढ झालेली ‘लाल धाग्या’ची कल्पना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मूळ चिनी आख्यायिकेत हा धागा भावी पतिपत्नींना बांधतो. चांदण्यातील वृद्ध तो बांधतो, अशी समजूत आहे. दत्तकाच्या विचारव्यूहात विवाहाचा हा धागा पालक आणि मूल यांच्यात ओढला गेला. देश बदलला तरी धागा तुटत नाही. तो पहिल्यापासून दुसऱ्याच दिशेला जात होता, असे मागाहून ठरते. वळण हे वळण राहतच नाही, तो सरळ रस्त्याचाच न दिसलेला भाग ठरतो.

गॅरी सॉल मॉर्सन यांनी ‘नॅरेटिव्ह अँड फ्रीडम’ (१९९४) या ग्रंथात घडू शकले असते पण घडले नाही अशा शक्यतांच्या कथनातील अस्तित्वाला महत्त्व दिले आहे. या शक्यतांची जणू बाजूने सावली पडत असते आणि तीमुळे घडलेल्या गोष्टीची अपरिहार्यता ढळते. पालकांच्या कथनात ही सावली पुसावी लागते, कारण ती एका मुलाची असते. पहिल्या देशात ज्याचे छायाचित्र हाती आले होते, ज्याच्यासाठी कदाचित नावही योजले होते, ते मूल वळणानंतर कथेतून नाहीसे होते. अॅरिस्टॉटलच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे परिस्थितीचा विपर्यय आहे, पण अभिज्ञान नाही. इडिपसच्या कथेशी तुलना केली की हा फरक उठून दिसतो. कॉरिंथमधील आईबाप दत्तक आहेत हे ठाऊक नसल्यामुळेच तो त्यांच्यापासून दूर जाणारी वाट धरतो. त्या वळणाचा अर्थ अभिज्ञानाच्या क्षणी उलगडतो, आणि उलगडतो तो दत्तक गेलेल्यालाच.

हे अभिज्ञान दत्तक व्यक्तींनी स्वतः रचलेल्या कथनांत सापडते. डीॲन बोर्शे लीम यांचा ‘फर्स्ट पर्सन प्लूरल’ (२०००) हा माहितीपट त्याचे ठळक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील एका कुटुंबाने चा जुंग ही या कोरियन मुलीला दत्तक घेण्याचे ठरवले होते. तिला तिच्या वडिलांनी परत नेले, तेव्हा अनाथाश्रमाने तिच्याच नावाने दुसरी मुलगी १९६६ साली धाडली. ती दुसरी मुलगी म्हणजे डीॲन. तिची आई कोरियात जिवंत होती. येथे मार्ग बदलला, पण घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा पत्ता नव्हता. कागदोपत्री रस्ता सरळच राहिला. २०१० च्या दुसऱ्या माहितीपटात डीॲन त्या मूळ चा जुंग हीचा शोध घेतात. पुसलेल्या सावलीला तिचे नाव परत देण्याचा हा प्रयत्न होय. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने बनावट अनाथ-नोंदी व बदललेल्या ओळखी यांची दखल घेऊन शासनाची जबाबदारी मान्य केली. त्यामुळे ही कथा एकाकी नव्हती हे स्पष्ट झाले.

नाशिक परिसरात जन्मलेल्या आणि १९७४ साली मुंबईच्या अनाथाश्रमातून बार्सिलोनाला गेलेल्या आशा मिरो यांचे लेखन मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे. गंगेची लेक अशा अर्थाचे शीर्षक असलेले त्यांचे कॅटलान पुस्तक २००३ मध्ये आले. पुन्हा भारतात आल्यावर त्यांना आपल्या जन्माची वेगळी हकीकत कळली, सख्खी बहीण भेटली आणि २००४ मध्ये दुसरे पुस्तक लिहावे लागले. पालकांच्या कथनातील वळण कथानक बंद करते. येथले वळण छापून झालेली संहिताच पुन्हा उघडते.

यावर आक्षेप असा घेता येईल की मुलाला सलग, सुरक्षित कथा हवी असते आणि नियतीची कथा ती देते. या आक्षेपात तथ्य आहे. पालकांचे कथन खोटे नव्हे, त्यातील प्रेमही खोटे नव्हे. परंतु सलगता म्हणजे अपरिहार्यता नव्हे. ‘तूच ठरलेला होतास’ या वाक्यात मुलाचे आधीचे घर केवळ वाटेतला थांबा ठरते, आणि ज्या माउलीने मूल गमावले तिचे गमावणेही ठरलेलेच होऊन बसते.

मराठीतील ‘दत्तक’ हा शब्दच या विस्मरणाला विरोध करतो. दत्त म्हणजे दिलेला. या शब्दात देणारा अटळपणे हजर आहे. परंपरागत हिंदू कायद्यात देण्याचा अधिकार आईबापांनाच असल्यामुळे अनाथ मूल सामान्यतः दत्तक होऊच शकत नसे. मनुस्मृतीतील बारा प्रकारच्या पुत्रांत दत्त, क्रीत म्हणजे विकत घेतलेला, अपविद्ध म्हणजे टाकलेला आणि स्वयंदत्त म्हणजे स्वतःला देणारा, हे वेगळे मोजले आहेत. ही व्यवस्था पुत्राची, पिंडाची आणि वर्णाची होती. तिचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु आधुनिक कागदपत्र ‘अनाथ’ या एका शब्दात जे सर्व मिसळून टाकते, ते वेगळे करून पाहण्याची सोय या परिभाषेत आहे. कागदावरचा अपविद्ध प्रत्यक्षात क्रीत असू शकतो, हे परदेशी दत्तकाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

या दृष्टीने पाहता डीॲन बोर्शे लीम किंवा आशा मिरो यांची कथने स्वयंदत्ताची कथने ठरतात. दोन्ही घरांची नावे जाणून, मधले वळण न लपवता, त्या स्वतःला एका कथेच्या स्वाधीन करतात. पालकांच्या गद्याचे मूल्यमापन करताना प्रवास कोठे संपला एवढेच विचारून भागणार नाही. वळणावर कोण मागे राहिले, हे सांगण्याइतकी जागा त्या कथनाने ठेवली आहे काय, हा समीक्षेचा प्रश्न असावयास हवा. कारण ते कथन पुढे ज्याला वारशाने मिळणार आहे, तो आज ना उद्या हाच प्रश्न विचारणार आहे.