ओरेग्रुंड : लोखंडाचें नांव व गांवाचा इतिहास

स्वीडनच्या उप्लांड प्रांतांत समुद्रकांठीं ओरेग्रुंड नांवाचें लहानसें गांव आहे. अठराव्या शतकांतील इंग्रजी व्यापारी कागदांत 'ओरग्राउंड्स' या नांवाचें लोखंड उत्तमांत उत्तम म्हणून येतें. शेफील्डचे पोलाद करणारे तेंच मागत. हें नांव बंदरावरून पडलें, एवढें सांगून थांबण्याची वहिवाट आहे. त्यामुळें ओरेग्रुंड हें लोखंडाचें आगरच असावें असें वाचकास वाटतें. हें अनुमान टिकत नाहीं.

खनिज दानेमोराच्या खाणीचें; तें गाळून कांबी ठोकण्याचें काम लोव्हस्ता, ओस्तरबी इत्यादि ठिकाणच्या कारखान्यांत होई; रीत सतराव्या शतकांत आलेल्या वालोन कारागिरांची. अठराव्या शतकांत तर माल बव्हंशीं स्टॉकहोमहून परदेशीं जाई. गांवाकडे नांव तेवढें उरलें. शास्त्रकारांच्या भाषेंत सांगावयाचें तर शब्द यौगिक न राहतां रूढ झाला. मम्मटानें दिलेल्या उदाहरणांतील 'कुशल' मनुष्याच्या हातीं कोणी कुश शोधीत नाहीं, तसेंच येथें.

कागदांतील नांवापेक्षां कांबीवरील छाप बलवत्तर प्रमाण होय. लोव्हस्ताची खूण कड्यांतील 'एल्' अक्षर, ओस्तरबीची दोन वाटोळे ठिपके. जाणता गिऱ्हाईक छाप पाहूनच माल घेई. संग्राहकांनीं हा विवेक ध्यानांत ठेवावा : नांव व्यापाऱ्याचें असतें, छाप कर्त्याचा.

मग गांवाचा खरा इतिहास कोणता? हिमयुगांतील बर्फाचा भार उतरल्यापासून तेथील जमीन वर येत आहे. शतकास सुमारें अर्धा मीटर. त्यामुळें शेजारच्या ओस्तहामर शहराचें बंदर उथळ झालें, आणि तेथील कांहीं लोक खोल पाण्याकडे सरकून राहिले. त्यांच्या वस्तीस इ. स. १४९१ त शहराची सनद मिळाली. इ. स. १७१९ त रशियन आरमारानें गांव जाळलें. लोकांनीं तें पुन्हां उभारलें. पुढें मासेमारी, नौकानयन आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून समुद्रस्नानास येणारे पाहुणे यांवर गांवाचा निर्वाह झाला.

ओसरत्या पाण्यामागें घरें हलविणारे आणि राखेंतून तीं पुन्हां बांधणारे हे लोक लोखंडाच्या कीर्तीखालीं झांकून गेले आहेत. नांवाची चिकित्सा केली तरच ते दिसूं लागतात.