नागपूरच्या चित्रात नारळ कुठून आला?

आज आपण नव्याने निसर्गचित्र शिकणाऱ्यांबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवात स्वतःपासूनच करू. 'निसर्गाचं चित्र काढा' म्हटलं की लहानपणी आपण काय काढत होतो? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, एक झोपडी आणि वाकलेला नारळ. आता सांगा, इतवारीतल्या पोराने नारळाची बाग कधी पाहिली? डोंगर म्हणाल तर आपल्याकडे सीताबर्डीची टेकडी, आणि तीही काही टोकदार नाही.

ते चित्र पाहून काढलेलं नव्हतं, पाठ केलेलं होतं. आमची तक्रार एवढीच. मोठेपणी तीच सवय वेगळ्या रूपात येते. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा आणि तो माणूस काढेल तशी धुक्यातली झाडं काढायची. याने हात तयार होतो, हे मान्य. ब्रशवर पाणी किती घ्यायचं, हे नकलेतूनच कळतं. पण समोरच्या पसाऱ्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे त्या व्हिडिओवाल्याने आधीच ठरवलेलं असतं. निसर्गचित्राचं खरं शिक्षण तर तिथेच आहे!

थोडा दोष शब्दाचाही आहे. 'निसर्गचित्र' म्हटलं की आपण झाडं-डोंगर शोधत गावाबाहेर पळतो. याउलट आबालाल रहिमान पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, आणि १९३१ मध्ये वारले. त्यांची निसर्गचित्रं आठवली की कोल्हापूरचं कोटितीर्थ आठवतं. तेच पाणी, तीच झाडं, पण उजेड वेगळा. जागा ओळखीची असली की नजर उजेडाकडे वळते.

तुम्ही म्हणाल, त्यांना तलाव होता, इतवारीत काय आहे? दुकानं, पाट्या, वायरींचं जाळं. बरं, मग तेच घ्या. एखाद्या सरळ ओळीच्या तोंडाशी उभे राहा आणि कागदावर आपल्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ मारा. त्या रेघेच्या वरच्या कडा, म्हणजे सज्जे आणि पाट्या, दूर जाताना खाली उतरतात. ओटे आणि पायऱ्या वर चढतात. हात ताठ करून पेन्सिलीने त्यांचा कल मोजा. मग डोळे अर्धे मिटा आणि फक्त तीन छटा शोधा: उजेड, सावली आणि मधली. वायरी सोडून दिल्या तरी चालेल.

दुसऱ्या वेळी तिथेच जा. मे महिन्याच्या शेवटी भर दुपारी नागपुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सावल्या भिंतींच्या पायाशी गोळा होतात आणि ओळ सपाट दिसते. डिसेंबरच्या सकाळी त्याच सावल्या लांब पडतात, आणि तीच ओळ खोल वाटते. हे समजायला महागडे रंग लागत नाहीत, पेन्सिल पुरते.

पहिली दहा चित्रं बिघडतील, आमचीही बिघडली. पण लाकडी सज्ज्याचं एखादं जुनं घर उद्या पडलं, तर आपल्या वहीत त्याचं निदान एक वाकडंतिकडं चित्र तरी असेल. नारळ तर काय, कुठल्याही वहीत सापडतो.