वाघाची खात्री नको, वाटेची हवी

शाळेची सहल यंदा राष्ट्रीय उद्यानात न्यायची, असे उमरग्यातील एखाद्या शिक्षकाने ठरवले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न कोणता येईल? महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि संजय गांधी. यांपैकी मराठवाड्यात एकही नाही. उमरग्याला रेल्वेही नाही. तेव्हा पहिला प्रश्न ‘जायचे कसे?’ हाच.

सहलीचे नियोजन करून देणारी अनेक संकेतस्थळे आज उपलब्ध आहेत. काही सरकारी आहेत, बरीचशी खासगी. त्यांतील काही आम्ही शिक्षकाच्या नजरेने पाहिली. उघडताच दिसतो तो वाघ. खाली निवासस्थानांची छायाचित्रे. अंतर दिलेले असते ते बहुधा नागपूरच्या विमानतळापासून. खासगी संकेतस्थळांपैकी काहींवर तर ‘हमखास व्याघ्रदर्शन’ असेही आश्वासन असते. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. जे कुणालाच आधी सांगता येत नाही त्याची ही संकेतस्थळे हमी देतात, आणि जे सहज सांगता येते ते सांगत नाहीत.

निसर्गात काहीच आधी सांगता येत नाही, असे नाही. अमेरिकेतील यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेले जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथील ‘ओल्ड फेथफुल’ हा गरम पाण्याचा फवारा पुढे केव्हा उडेल, हे उद्यानाच्या संकेतस्थळावर दिलेले असते. फवारा जास्त वेळ उडाला तर पुढची वाट जास्त पाहावी लागते, असे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून आढळले. त्यामुळे सुमारे दहा मिनिटे पुढेमागे धरून वेळ वर्तवता येते. हे झाले शास्त्रीय भाकीत. त्यात चूक किती होईल, तेही सांगितलेले असते.

वाघाचे तसे नाही. तो आपल्या मोठ्या हद्दीत फिरतो आणि बराचसा रात्री, पहाटे व सायंकाळी. त्याच्याविषयी शक्यतेच्या भाषेतच बोलता येईल. समजा, निम्म्या फेऱ्यांत वाघ दिसतो. तरी दोन फेऱ्या करणाऱ्या चार गटांपैकी सरासरी एका गटाला तो एकदाही दिसणार नाही. एवढे गणित नववीचा विद्यार्थीही करील. मग महिनावार किती फेऱ्या झाल्या आणि किती फेऱ्यांत वाघ दिसला, हे प्रामाणिकपणे छापायला काय हरकत आहे? ‘हमखास’ या शब्दाने मुलांची निराशा तर होतेच. शिवाय वाघ दाखवण्यासाठी गाड्यांची गर्दी करावी, असा दबाव वाटाड्यांवर येतो.

आता निश्चित माहितीकडे वळू. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांना बंद असते आणि एरवी दर मंगळवारी. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे ४२ मुलांना सात गाड्या लागतील. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबवले होते. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरता येत नाही. रस्त्यांची लांबी, दोन गाड्यांमधील अंतर आणि फेरीला लागणारा वेळ यांवरून गाड्यांची मर्यादा ठरते. जंगलाची ‘धारणक्षमता’ शिकवायला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार? परंतु पर्यटकाला दिसते ते केवळ ‘जागा शिल्लक नाही’ हे वाक्य. जागा का नाही, हे कोणी सांगत नाही.

यलोस्टोनसह अमेरिकेतील सर्व राष्ट्रीय उद्यानांच्या पानांची मांडणी एकसारखी असते. रस्ता वा परिसर बंद असल्याची सूचना सर्वांत वर असते आणि शिक्षकांसाठी स्वतंत्र विभाग असतो. मात्र तेथे बहुतेक लोक स्वतःच्या मोटारीने येतात, म्हणून ती मांडणी जशीच्या तशी उचलून भागणार नाही. आपल्याकडील पानावर पहिला रकाना ‘आपण कोठून निघणार?’ हा हवा. उमरगा लिहिले, की वाटा दिसाव्यात : महामार्गाने हैदराबाद, तेथून रेल्वेने काझीपेठमार्गे चंद्रपूर, किंवा लातूर, नांदेड, यवतमाळ असा रस्ता. पुढे एस.टी. कोठपर्यंत जाते, मोठा गट कोणत्या दरवाजाने घेतात, चाकाच्या खुर्चीतील मुलाला काय सोय आहे, एकूण खर्च किती, हे त्याच पानावर मराठीतून असावे.

आणि उत्तर ‘इतक्या दूर जाऊ नका’ असे आले, तर तेही सांगण्याचे धैर्य असावे. आपल्याच जिल्ह्यात येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे. शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजचा माळरान आहे. तेथे माळढोक आता क्वचितच दिसतो. पण तो का दुर्मीळ झाला, हा धडा माळरानावर उभे राहूनच नीट समजतो.

यासाठी संगणक येईपर्यंत थांबायला नको. वर्गात एक मोठा कागद घ्यावा. येडशीच्या सहलीचे पान मुलांनीच आखावे : मार्ग, वेळ, खर्च, पाणी, काय दिसण्याची शक्यता, काय करू नये. प्रत्येक ओळीपुढे ‘नक्की’ किंवा ‘संभाव्य’ असे लिहायला सांगावे. हा भेद ज्या मुलांना करता येईल, त्यांना ‘हमखास’ या शब्दाने कोणी फसवू शकणार नाही.