मुरलेली बिअर

बाटलीवर किंवा मेन्यूवर 'बॅरल-एज्ड' दिसलं की किंमत चढते आणि आपली अपेक्षाही. पण या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या बिअर विकल्या जातात आणि फरक न सांगता विकल्या जातात.

पहिली अमेरिकन पद्धतीची. तिथल्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याच्या कामाचं उरत नाही. १९९०च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंडने अशा पिंपांत काळी, जड स्टाउट भरली आणि ती चाल जगभर पसरली. या बिअरमध्ये व्हॅनिला, नारळ, व्हिस्की स्पष्ट लागते. इथे लाकूड म्हणजे मसाला.

दुसरी पद्धत जुनी, बेल्जियमची. तिचा नमुना म्हणजे पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावची 'रोडेनबाख ग्राँ क्रू'. ब्रुअरी १८२१ची. तिथे ओकची माणसापेक्षा कितीतरी उंच अशी २९४ पिंपं उभी आहेत; त्यांना फूडर म्हणतात. काही शंभर वर्षांहून जुनी. इतक्या खेपा काढल्यावर लाकडाकडे द्यायला व्हॅनिला उरलेला नसतो. पण त्याच्या भेगांत जिवाणू आणि रानटी यीस्ट वस्तीला असतात आणि लाकडातून हवा अगदी सावकाश आत झिरपते. बिअर इथे सुमारे दोन वर्षं राहते. मग दोन भाग जुनी आणि एक भाग ताजी असं मिश्रण होतं. आपल्याकडे यासाठी 'एज्ड'पेक्षा नेमका शब्द आहे: मुरलेली.

मित्राने ब्रसेल्सहून सामानातून आणलेली बाटली आम्ही जुलैत औंढ्यात उघडली. बाहेर पाऊस आणि पावसाच्या वर एक्स्प्रेस-वेची घरघर. रंग तांबूस तपकिरी, कडेला कोकमाच्या आगळासारखी लाल झाक. परदेशी परीक्षणं इथे चेरी म्हणतात. मी ताजी आंबट चेरी कधी खाल्लेली नाही, त्यामुळे तो शब्द माझ्या जिभेवर काहीच उमटवत नाही. मला आलं ते करवंद. मे महिन्यात घाटात पानाच्या द्रोणात मिळतं तसं काळं, पिकलेलं, पण सालीपाशी तुरट. त्यामागे मनुका आणि थोडी काकवी.

मग आंबटपणा, आणि खरी परीक्षा इथेच. तो दोन प्रकारचा आहे. एक लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे ताकाचा: गोल, जिभेच्या कडांवर रेंगाळणारा. दुसरा अ‍ॅसिटिक, म्हणजे व्हिनेगरचा, जो आधी नाकात जातो. पिंपात हवा जास्त शिरली की दुसरा माजतो आणि बिअर सॅलडवर ओतायच्या लायकीची होते. 'ग्राँ क्रू'मध्ये ताक पुढे आहे आणि व्हिनेगर फक्त धार लावण्यापुरतं. हे आपोआप घडत नाही. कुठलं पिंप किती घ्यायचं, हे कुणीतरी चाखून ठरवतं. अल्कोहोल सहा टक्के, पण जडपणा नाही; तळलेल्या बोंबलासोबत ही बाटली पटकन संपेल.

खोट एकच. शेवटी येणारा गोडवा मला भित्रा वाटला. आंबटपणा ऐन रंगात आला असताना कुणीतरी वर साखर भुरभुरावी तसा. ग्लास जरा कोमट झाल्यावर तो मागे सरतो, म्हणून फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आता आपल्याकडे. पुण्यात २००९मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हापासून बेल्जियन विट हा शब्द पुणेकरांच्या तोंडी बसला. पण विट ताजीच प्यायची बिअर आहे. ब्रूपबचं गणितही ताजेपणाचं: टाकी काही आठवड्यांत रिकामी झाली तरच भाडं निघतं. दोन वर्षं बिअर नुसती ठेवून द्यायची तर जागा हवी, थंडावा हवा आणि बिघडलेलं पिंप ओतून देण्याची तयारी हवी. आपल्या उन्हाळ्यात थंडाव्याचं बिल मोठं. म्हणून पहिला, मसाल्याचा रस्ता सोपा पडतो: वापरलेलं पिंप आणा, काही महिने बिअर भरा, लेबल लावा.

तो रस्ता वाईट नाही, पण त्याला बेल्जियन म्हणू नये. आणि दुसरा रस्ता अशक्यही नाही. नाशिकच्या वायनरींत ओकची पिंपं आहेत, त्यांतली जुनी कधीतरी निवृत्त होतातच. घाटात करवंदं आहेत. नाही तो फक्त वेळ आणि वेळेचे पैसे द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर 'बॅरल-एज्ड बेल्जियन' दिसलं, तर ऑर्डरआधी तीन प्रश्न विचारा: पिंपात आधी काय होतं, बिअर त्यात किती महिने होती आणि नंतर तिच्यात ताजी मिसळली का? उत्तर मिळालं तर जास्तीचे पैसे खुशाल द्या.