हात वर न करणाऱ्यांचा वर्ग

मंडळी, आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे ते तुम्ही कॉलेजच्या आधी टीव्हीवर पाहिलेलं आहे. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. त्यातला 'ऑडियन्स पोल' आठवा. प्रेक्षक बटणं दाबायचे आणि पडद्यावर चार खांब उभे राहायचे. वर्गातला क्लिकर म्हणजे तेच. मास्तर प्रश्न टाकतात, खाली चार पर्याय, मुलं बटण दाबतात, किती जणांनी काय उत्तर दिलं ते खांबांत दिसतं. आता वेगळं यंत्रही लागत नाही. काहूट, मेंटीमीटर अशा सोयींमुळे खिशातल्या फोनवरच काम होतं.

या विषयावर भरपूर लेखन होतं. 'विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन' असं शीर्षक, मग 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची प्रश्नावली, आणि शेवटी निष्कर्ष ठरलेला: विद्यार्थ्यांना हे तंत्र आवडतं. आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो.

एक तर विचारतो कोण? ज्याच्या हातात इंटर्नलचे गुण आहेत तोच. यजमानानं पंगतीत वाढता वाढता 'भरीत कसं झालं?' विचारावं, तसं हे. भरीत करपलेलं का असेना, पाहुणा 'झकास' म्हणूनच मोकळा होणार. दुसरं, 'आवडलं' म्हणजे कशाच्या तुलनेत? तासभर वहीत नोट्स उतरवून घेण्याच्या तुलनेत खिडकीबाहेरचं झाडसुद्धा आवडतं. (हशा) २०१७ पासून नॅकच्या मूल्यांकनातही विद्यार्थी-समाधानाचं सर्वेक्षण आलं. समाधान मोजायला हरकत नाही, पण समाधान म्हणजे शिकणं नव्हे.

मग या यंत्राचा मूळ उद्देश काय होता? हार्वर्डमध्ये एरिक मेझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. १९९० च्या सुमारास त्यांनी बलाविषयीच्या अगदी साध्या संकल्पनांची एक चाचणी वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला स्वतःला वाटतं तशी? या प्रश्नानं ते हादरले. अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या संकल्पनेत अडखळत होती आणि वर्गात ते कुणालाच दिसत नव्हतं. १९९१ पासून त्यांनी तासाची रीत बदलली. आधी प्रश्न, प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. बटणं नंतर आली. कॅनडातल्या नॅथॅनियल लॅस्री यांनी २००८ साली क्लिकर आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं यांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात फरक आढळला नाही.

म्हणजे जीव आहे तो मधल्या वादात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या अनुवंशशास्त्राच्या वर्गावर २००९ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. गटात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर माहीत नसलं तरी चर्चेनंतर मुलं बरोबर उत्तराकडे सरकत होती. हुशार पोराचं पाहून बाकीच्यांनी उतरवलं, एवढाच तो प्रकार नव्हता. आणि आपल्याकडे काय चालतं? खांब उभे राहतात, मास्तर म्हणतात, 'बी बरोबर, चला पुढे.' सिलॅबस संपवायचा असतो ना! जी तीन-चार मिनिटं खरी कामाची, नेमकी तीच कापली जातात.

आता आपल्या भागाकडे येऊ. नशिराबादहून, भादलीहून जळगावला जाणारं पोरगं बारावीपर्यंत मराठीतून शिकतं, घरी लेवा बोली, पलीकडे धुळ्याकडचं असेल तर अहिराणी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ते अचानक इंग्रजीतल्या तासाला बसतं. उत्तर माहीत असतं, पण बोलायचं कोणत्या भाषेत? एकदा चुकीचा उच्चार झाला की मागच्या बाकावरून जे नाव पडतं ते तीन वर्षं सुटत नाही. या मुलांसाठी निनावी बटण ही चैन नाही. चारचौघांत शोभा न होता चुकायची सोय आहे ती. शिवाय खांब पाहिले की कळतं, आपल्यासारखी चुकलेली अजून चाळीस जणं आहेत. यंत्राची आमच्या लेखी सर्वांत मोठी किंमत ही, आणि प्रश्नावलीत नेमकं हेच विचारलं जात नाही.

ही किंमत हजेरीपायी मातीमोल होते. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे, यंत्र आयतंच हाताशी, मग उत्तराला रोल नंबर जोडला जातो. झालं! त्या क्षणी प्रश्नाचं उत्तर संपतं आणि 'येस सर' सुरू होतं. पोरं क्यूआर कोडचा फोटो ग्रुपवर टाकतात, एसटी स्टँडवर उभा असलेला 'हजर' होतो. आपलीच मुलं असं करतात असं समजू नका. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१४ साली ६४ विद्यार्थ्यांवर ठपका आला. गैरहजर मित्रांचे क्लिकर हजर मित्रांनी दाबले होते. विषय कोणता? खेळ, नीतिशास्त्र आणि धर्म! नीतीच्या तासाला प्रॉक्सी. दोष पोरांचा आहेच, पण शिकण्याच्या साधनाचं मस्टर केलं की त्याला मस्टरसारखंच वागवलं जाणार.

आयआयटी मुंबईत भास्करन रामन यांच्या गटानं 'सेफ' हे ॲप तयार केलं. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनवर वर्गातच परीक्षा घेता यावी, हा हेतू. परीक्षेला असा पहारा हवाच. आमचं म्हणणं एवढंच की रोजच्या तासातला प्रश्न ही परीक्षा नव्हे.

फोनचीही एक गंमत आहे. बाहेर फलक, 'मोबाइल वापरल्यास दंड'. आत सूचना, 'मोबाइल काढा.' आणि ज्या घरात एकच फोन आहे तिथली मुलगी काय काढणार? बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी २०१२ साली यावर स्वस्त तोड मांडली. प्रत्येकाच्या हातात छापील कागद, चार बाजूंपैकी जी वर धराल ते उत्तर, आणि कॅमेरा सगळ्यांची उत्तरं एका दमात टिपतो. शेजाऱ्याला सहज कळत नाही, पोरांना फोन लागत नाही. छपाईचा खर्च किती तो! तरी निधी मागायची वेळ आली की यादीत टॅब्लेट असतात, पुठ्ठा नसतो.

पर्यायांबद्दलही एक राहिलं. आपलं विद्यापीठ १९९० चं, २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यांचं आसोदा इथून जवळच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला, ही अभिमानाची गोष्ट. पण तिच्यासारखी विचार करणारी पोर आज त्या वर्गात बसली तर तिचं उत्तर ए, बी, सी, डी यांत सापडेलच असं नाही. 'यांपैकी नाही, मला वेगळं वाटतं' असा पाचवा पर्याय ठेवून बघा, आणि तो निवडणाऱ्यांना बोलू द्या. लेवा बोलीत बोलले तरी चालेल.

प्राध्यापक मंडळी इथे बसली आहेत म्हणून सांगतो. पुढच्या वेळी प्रश्नावली काढाल तेव्हा 'आवडलं का' काढून टाका. विचारा, 'तुमचं उत्तर चुकलं तेव्हा पुढे काय झालं?' आणि कागद दुसऱ्या विभागाच्या माणसाकडून गोळा करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. हात वर करायलाच हवा असं नाही. चिठ्ठ्या फिरताहेत, नाव लिहू नका.